पानिपतनंतरचे पाच महिने

थोरल्या बाजीरावांच्या निधनानंतर १७४० मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे त्यांचे पुत्र बाळाजी यांना दिली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १९. हेच नानासाहेब पेशवे. त्यांचा जन्म ८ डिसेंबर १७२० चा. तलवारीपेक्षा कारभार आणि हिशेब यांत त्यांची गती अधिक होती. पर्वतीवरचे देवालय त्यांनी उभारले, कात्रजच्या तलावाचे पाणी बंद नळाने पुण्यात आणले. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्याही त्यांच्याच कारकिर्दीत.

या कारभारात त्यांचा उजवा हात होता चुलत भाऊ सदाशिवराव. वर्तकनगरपासून फार दूर नसलेला ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकून घेणाऱ्या चिमाजी अप्पांचे हे पुत्र. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने ते नानासाहेबांच्याच घरात वाढले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ आणि नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव, दोघेही पडले. नानासाहेब मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. माळव्यात भेलशाजवळ त्यांना ही बातमी कळली, तीही सांकेतिक भाषेतल्या एका पत्रातून. मुलगा गेला, भाऊ गेला, हजारो माणसे गेली. नानासाहेब खचून पुण्याला परतले. त्यांची प्रकृती आधीपासूनच साथ देत नव्हती, आता मनही कशात लागेना. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. वय ४० आणि पानिपत होऊन पाच महिने नऊ दिवस.

पानिपतच्या धसक्याने पेशवे गेले, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर त्यांच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरवता येणार नाही. पण धसक्याने माणूस जातो, ही समजूत मात्र निव्वळ भाबडी नाही.

ब्रिटनमध्ये पत्नी गमावलेल्या, ५५ वर्षांवरील ४,४८६ पुरुषांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होते आणि सर्वाधिक वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंत होती. १९९३ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हृदयविकाराचा झटका आलेल्या २२२ रुग्णांची पाहणी झाली. त्यात नैराश्य असलेल्यांचा सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट आढळला. तीव्र धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा होतो, त्या विकाराचे वर्णन जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये केले. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा आकार दिसतो म्हणून त्याचे नाव ‘ताकोत्सुबो’.

हे घडते कसे? दुःख लांबले की ॲड्रिनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके चढीच राहतात. नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तातील बिंबिका लवकर चिकटतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते. शिवाय झोप उडते, चालणे बंद होते, गोळ्या चुकतात, तंबाखू वाढते. उलट बाजूनेही हे चक्र फिरते: झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला नैराश्य गाठते.

नैराश्यावर उपचार केल्याने मृत्यू टळतातच, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. पण मन सावरते, औषधे नियमित होतात आणि माणूस पुन्हा चालू-फिरू लागतो, हा लाभ लहान नाही.

नानासाहेबांना आप्त होते, वैद्य होते. पण खचलेल्या मनावर इलाज असतो हे त्या काळी ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. घरात मृत्यू, नुकसान किंवा झटका येऊन गेल्यावर एखादा माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, अबोल, अन्नावरची वासना गेलेला दिसला, तर वेळ जाऊ द्या म्हणून थांबू नये. हृदयाच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. छातीत दुखणे किंवा दम लागणे मात्र दुःखाच्या खात्यावर न टाकता तातडीने रुग्णालय गाठावे. मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.