वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया



ज्युबिली हा कृतज्ञतेचा सोहळा होय. आपल्या वाडवडिलांनी हे देवालय उभारले, पिढ्यान् पिढ्या येथे बाप्तिस्मे झाले, लग्ने लागली आणि थकलेल्या देहांना येथूनच अखेरचा निरोप देण्यात आला. या सर्व काळात पवित्र ख्रिस्तसभेचे पंचांग आपल्यासमवेत चालत आले. त्या पंचांगात जवळजवळ प्रत्येक दिवसाला कोणा ना कोणा संताचे नाव जोडलेले आढळते. मुलाचे नाव ठेवताना आपण ते उघडून पाहतो. संताचा सण आला म्हणजे नोवेना होते, गायन मिस्सा होते, घरोघरी गोडधोड शिजते. दुसऱ्या दिवशी मात्र मेणबत्त्या विझलेल्या असतात आणि संत पुन्हा आपल्या कोनाड्यात एकटे उभे असतात. आपल्या सोमवार-मंगळवारशी त्यांचा काही संबंध आहे, हे आपण विसरून जातो. म्हणून या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा पंचांगातील एकच दिवस निवडावा व त्या दिवसाच्या संताचे चरित्र आपल्यापुढे ठेवावे, असे मी ठरविले. तो दिवस म्हणजे ६ फेब्रुवारी, आणि ते संत म्हणजे आपल्याच मातीत जन्मलेले गोन्सालो गार्सिया.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकीपर्यंत तो त्यांच्याच अमलाखाली राहिला. त्या अमलाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, सन १५५७ च्या सुमारास, गोन्सालो यांचा वसईस जन्म झाला. त्यांचे पिता पोर्तुगीज होते व माता याच भूमीची लेक होती. बालपणी त्यांना येशूसंघाच्या फादरांच्या छत्राखाली विद्या व धर्मशिक्षण मिळाले. मिसरूडही फुटले नव्हते अशा वयात, सुमारे पंधराव्या वर्षी, ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर गलबतात बसून दूरच्या जपान देशी गेले. आपल्या गावचा किनारा दृष्टीआड होताना त्या मुलाच्या मनात काय आले असेल, ते एक परमेश्वरच जाणे.

संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये जपानात सुवार्तेचे बी पेरले होते. गोन्सालो तेथे पोहोचले तेव्हा त्या बियांना कोंब फुटून शेत डोलू लागले होते. पिके पुष्कळ आणि कामकरी थोडे, अशी स्थिती होती. या तरुणाने जपानी भाषा झपाट्याने आत्मसात केली. मुलांना व मोठ्यांना धर्माची मूलतत्त्वे शिकवीत त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात आपणास प्रवेश मिळावा, हीच त्यांची उत्कट इच्छा होती. ज्यांच्या हाताखाली ते वाढले, ज्यांच्यासाठी त्यांनी घर व देश सोडला, त्यांच्यातीलच एक होऊन राहावे, यापरते त्यांना काही नको होते. परंतु ती इच्छा सफल झाली नाही. ते द्वार त्यांच्यासाठी उघडले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. आपल्या नित्याच्या जीवनाचा आणि या संताचा धागा येथेच जुळतो. वेदीची सेवा करण्याची तीव्र इच्छा बाळगून सेमिनरीत गेलेला व पुढे परत आलेला मुलगा गावात मान खाली घालून हिंडताना मी पाहिला आहे. मठात प्रवेश न मिळाल्यामुळे मनातून खचलेली कन्याही पाहिली आहे. गायनवृंदात किंवा एखाद्या मंडळात आपणास घेतले नाही एवढ्यावरून वर्षानुवर्षे देवालयाची पायरी न चढणारे सज्जनही माझ्या पाहण्यात आहेत. नकार मिळाला म्हणजे तो माणसाने दिला की देवाने, हे ओळखणे फार कठीण असते. बहुतेक जण त्या दोहोंत भेदच करीत नाहीत, आणि माणसांवर रुसता रुसता देवावर रुसून बसतात.

गोन्सालो रुसले नाहीत. पोट भरण्यासाठी त्यांनी व्यापार पत्करला. जपानच्या त्या सागरी व्यापारात त्यांची सचोटी व भाषाज्ञान कामी आले, त्यांचा चांगला जम बसला व हाती पैसाही आला. अनेकांची कथा येथेच संपली असती. ज्याची ईश्वरसेवेची हौस पुरी झाली नाही तो धनिक झाला व सुखाने राहिला, असे म्हणून आपणही पान उलटले असते. पण त्यांच्या अंतःकरणातील पहिली हाक संपत्तीच्या राशीखाली दडपली गेली नाही. व्यापारानिमित्त ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरी जात. तेथे त्यांना फ्रान्सिस्कन संघाचे अनवाणी, दरिद्री, हसतमुख बंधू भेटले. वयाच्या तिशीच्या सुमारास गोन्सालो यांनी दुकानदारी व धनसंपदा सोडली आणि त्या संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश केला.

धर्मबंधू म्हणजे काय, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक नसेल. धर्मबंधूस गुरुदीक्षा नसते. तो मिस्सा अर्पण करीत नाही व पापनिवेदन ऐकत नाही. स्वयंपाकघर, रुग्णांची शुश्रूषा, दारी आलेल्या भिकाऱ्याची विचारपूस ही त्याची कामे. ज्या माणसाने समुद्रापार व्यापार केला होता, त्याने हे धाकटे स्थान आपखुशीने स्वीकारले.

पण परमेश्वराला त्यांच्याकडून आणखी एक सेवा हवी होती. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. १५९२ मध्ये त्याने कोरियावर सैन्य धाडले व फिलिपाइन्सनेही आपले मांडलिकत्व पत्करावे, अशी मागणी केली. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला पाठविले. त्यांच्यासोबत थोडे बंधू होते व त्यांत गोन्सालो होते, कारण जपानी भाषा त्यांनाच अवगत होती.

दुभाष्याचे काम वरून सोपे दिसते. त्याला स्वतःचे शब्द नसतात. एकाचे बोलणे दुसऱ्याला जसेच्या तसे पोहोचवावे, पदरचे काही घालू नये, भयाने काही गाळू नये, एवढेच त्याचे कर्तव्य. पण ज्याच्या एका शब्दासरशी मस्तके उडत, त्या हिदेयोशीसमोर उभे राहून हे कर्तव्य करणे म्हणजे तलवारीच्या धारेवरून चालणे होते. वसईच्या या सुपुत्राने ते केले. हिदेयोशीने वकिलातीला राहण्यास अनुज्ञा दिली व राजधानी क्योतो येथे जागाही दिली. तेथे लहानसे देवालय उभे राहिले आणि त्यालगत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडण्यात आली. दरबारात ज्या जिभेने राजकारणाचे शब्द उच्चारले, तिनेच आता टाकून दिलेल्या रोग्यांचे सांत्वन करू लागावे, ही देवाची योजना पाहून मन भरून येते.

सत्य सांगावयाचे तर, त्या काळी जपानात काम करणारे येशूसंघीय व नव्याने आलेले फ्रान्सिस्कन यांच्यात मतभेद होते. पूर्वीचे लोक हिदेयोशीच्या हुकमामुळे सावधपणे, आडोशाने काम करीत. नवे लोक उघडपणे करीत. दोघांचा हेतू शुद्ध होता, पण एकमेकांची रीत दोघांना पसंत नव्हती. संतांच्या सहवासातही असे घडते, मग आपल्या धर्मग्रामात घडले तर नवल नाही. त्यात राजकारणाचीही सावली होती. धर्मप्रचारकांच्या मागून परकी फौज येईल, हा संशय हिदेयोशीच्या मनातून कधीच पूर्ण गेला नव्हता.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल हिदेयोशीने जप्त केला. त्या प्रकरणात त्याचा जुना संशय पुन्हा भडकला आणि त्याचा कोप धर्मप्रचारकांवर कोसळला. डिसेंबर महिन्यात क्योतो व ओसाका येथील बंधूंच्या घरांवर पहारे बसले. पुढे त्यांना मृत्यूची शिक्षा फर्मावण्यात आली. ३ जानेवारी १५९७ रोजी बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला व त्यांना गाड्यांत बसवून रस्त्यारस्त्यांतून फिरविण्यात आले. नंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा सुमारे महिनाभराचा प्रवास सुरू झाला.

प्रारंभी ते चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करीत चाललेले दोघे त्यांच्यात सामील करण्यात आले व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते व सतरा जपानी प्रापंचिक होते. लुई हा बारा वर्षांचा होता, अंतोनी तेरा वर्षांचा होता. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी आपल्या वडिलांसमवेत चालला होता. वाटेत त्याने आईस निरोपाचे पत्र लिहिले, ते तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही, मृत्यूनंतर त्याच्या पित्याच्या अंगावर सापडले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रुस एका रांगेत उभे करण्यात आले. येशूसंघाचे पॉल मिकी यांनी क्रुसावरून लोकांना उपदेश केला व आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. मग भाल्यांनी एकेकाचा देह विंधण्यात आला. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द पोहोचविणाऱ्या गोन्सालो यांनी त्या दिवशी आपली स्वतःची साक्ष दिली, आणि ती समजण्यास कोणाला दुभाषी लागला नाही.

त्या रांगेकडे पुन्हा पाहा. ज्या येशूसंघात गोन्सालो यांना प्रवेश मिळाला नव्हता, त्या संघाचे तिघे जण त्यांच्याच रांगेत होते. ज्यांच्या रीती जुळत नव्हत्या, ते सारखेच क्रुस घेऊन उभे होते. माणसांनी घातलेल्या भिंती त्या टेकडीवर उरल्या नाहीत. तारुण्यात न उघडलेल्या द्वारापाशी जर ते रुसून बसले असते, तर या रांगेत त्यांची जागा रिकामी राहिली असती.

पोप आठवे उर्बन यांनी १६२७ मध्ये या रक्तसाक्ष्यांना धन्यवादितांच्या मालिकेत स्थान दिले व पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो यांचे नाव अमर झाले. तिकडे जपानात १६१४ पासून धर्माला देशभर बंदी होती, धर्मगुरू उरले नव्हते. परंतु मार्च १८६५ मध्ये, नागासाकीस या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्याच स्मरणार्थ बांधलेल्या देवालयात काही साधे खेडूत येऊन एका फ्रेंच धर्मगुरूंना भेटले व आपणही त्याच श्रद्धेचे असल्याचे त्यांनी कळविले. दोन शतकांहून अधिक काळ धर्मगुरूंवाचून त्यांनी बाप्तिस्मा चालू ठेवला होता, प्रार्थना मुखोद्गत ठेवल्या होत्या. १८७३ मध्ये ती बंदी उठली. हे सारे आईबापांनी केले, शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी केले. आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली साजरी करताना या वडीलधाऱ्यांचेही स्मरण असो.

रोमच्या सार्वत्रिक पंचांगात ६ फेब्रुवारीचा सण संत पॉल मिकी व त्यांचे सोबती यांच्या नावे नोंदलेला आहे. म्हणजे आपले गोन्सालो तेथेही त्या सोबत्यांतले एक आहेत. पहिले नाव दुसऱ्याचे आहे. मला वाटते, ते त्यांना शोभते. वसईने मात्र आपल्या पुत्राला नावाने हाक मारणे सोडलेले नाही. गास येथे त्यांच्या नावाचे देवालय आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यापासून तर हे नाव आपल्या ओठांवर अधिकच आहे.

धर्मग्रामस्थहो, येत्या ६ फेब्रुवारीस मेणबत्ती अवश्य लावा. पण त्याआधी एक काम करा. आपणास कोठे नकार मिळाला होता, कोणावर आपण रुसून बसलो आहोत, ते आठवा. त्या माणसाच्या घरी जा, आणि आपल्या वाट्याला आलेले धाकटे काम पुन्हा हाती घ्या. कोणी देवालय झाडील, कोणी आजाऱ्याजवळ बसेल, कोणी मुलांना क्रुसाची खूण करावयास शिकवील. संत गोन्सालो त्या दिवशी कोनाड्यात एकटे राहणार नाहीत.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामावर सदैव कृपा करो.

आपला धर्मगुरू