न दिसलेल्या फुलपाखरांचा हिशेब

समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही आठवडाभर टेकडीवर फुलपाखरं मोजलीत. वहीत चाळीस जाती जमल्या. त्यातल्या पंधरा फक्त एकेकदाच दिसल्या. मॅडमनी विचारलं, टेकडीवर एकूण जाती किती? चाळीस म्हणालात तर फसलात. एकेकदा दिसलेल्या एवढ्या असतील, तर एकदाही न दिसलेल्या नक्कीच असणार. पण किती?

नेमक्या अशाच आकड्यांवर १९४३ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी काम केलं. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात एफ टेस्टने तुम्हाला छळलं असेल, तर त्यातला 'एफ' म्हणजे हेच गृहस्थ!

जन्म १८९० चा, लंडनचा. लहानपणापासून नजर अधू. दिव्याच्या उजेडात वाचायला मनाई होती, म्हणून गणित तोंडी शिकावं लागलं. आकृत्या डोक्यातच काढायची सवय लागली आणि पुढे मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहायचीही. (आपण असं केलं तर मार्क कापतात.) पहिल्या महायुद्धात सैन्यात जायचं होतं, डोळ्यांमुळे नाकारलं गेलं. मग काही वर्षं शाळेत शिकवलं. १९१९ मध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात नोकरी मिळाली. तिथे कित्येक दशकांच्या पिकांच्या नोंदी पडून होत्या. त्या उपसता उपसता त्यांनी आजच्या संख्याशास्त्राचा मोठा भाग उभा केला.

आता फुलपाखरांकडे येऊ. स्टीव्हन कॉर्बेट यांनी मलायात फुलपाखरं गोळा केली होती. ११८ जातींचं एकेकच फुलपाखरू सापडलेलं, ७४ जातींची दोन-दोन, ४४ जातींची तीन-तीन. सगळ्या जाती सारख्याच संख्येने असतात असं मानलं, तर पॉयसन मॉडेल पुरतं. पण तसं कधी असतं का? काही जाती पावलोपावली, काही वर्षातून एकदा. हा फरक धरला की निगेटिव्ह बायनॉमियल येतं. तिथे नवी अडचण. त्या मॉडेलमध्ये शून्याचाही एक रकाना असतो, म्हणजे जाळ्यात न आलेल्या जाती. आणि त्या किती, हे कुणालाच माहीत नाही! फिशर यांनी तो रकाना बाजूला ठेवला, मॉडेल एका टोकापर्यंत ताणलं आणि लॉग-सिरीज काढली. तिच्या हिशेबाने पहिले तीन आकडे साधारण १३५, ६७ आणि ४५ यायला हवेत. तंतोतंत नाही, पण पुष्कळ जवळ.

त्याच शोधनिबंधात सी. बी. विल्यम्स यांचे रॉथमस्टेडच्या प्रकाश-सापळ्यातले पतंगही आहेत. चार वर्षांत १५,६०९ पतंग, २४० जाती. त्यातून अल्फा नावाचा एक आकडा निघतो, सुमारे ४०. पतंग दुप्पट पकडले तर नव्या जाती साधारण २८ मिळतील, हे त्यावरून सांगता येतं.

गोम इथेच आहे. हे मॉडेल कधी थांबतच नाही, पकडत राहा, जाती वाढतच राहतात. १९४८ मध्ये फ्रँक प्रेस्टन यांनी दुसरं मॉडेल मांडलं, लॉग-नॉर्मल. त्यात दुर्मीळ जाती पडद्याआड असतात आणि नमुना वाढला की पडदा सरकतो. तिथे एकूण जातींना शेवट असतो. डेटा तोच, पण मॉडेल बदललं की टेकडीवरच्या जातींचा अंदाज बदलतो. म्हणून सॉफ्टवेअरने आपोआप निवडलेलं मॉडेल डोळे झाकून घेऊ नका.

फिशर यांना देव करू नका, हेही सांगायला हवं. ते सुप्रजननवादाचे कट्टर समर्थक होते. त्यांच्या स्मरणार्थ केंब्रिजच्या कीज कॉलेजात लावलेली रंगीत काचेची खिडकी २०२० मध्ये काढून टाकावी लागली. उतारवयात, स्वतः पाइप ओढणारे आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागार असलेले फिशर, सिगारेटने कॅन्सर होतो हे मानायला तयार नव्हते. न दिसलेल्या जातींचा अंदाज बांधणारा माणूस, समोर पुराव्यांचा ढीग असताना अडून बसला. मला तरी हे अजून पचत नाही.

१९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये ते गेले. 'आर'मध्ये व्हेगन पॅकेज टाकलंत तर 'फिशर डॉट अल्फा' नावाचं फंक्शन सापडेल. तुमच्या टेकडीचे आकडे त्यात घालून बघा.