मारिया कॅलास

मारिया कॅलास (जन्म : न्यू यॉर्क, २ डिसेंबर १९२३, मृत्यू : पॅरिस, १६ सप्टेंबर १९७७) या ग्रीक वंशाच्या, अमेरिकेत जन्मलेल्या ऑपेरा गायिका होत्या. त्यांचा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातील सर्वांत उंच पट्टीचा होता. गायनाइतकेच अभिनयालाही महत्त्व देऊन त्यांनी इटालियन ऑपेराला नवी दृष्टी दिली. २०व्या शतकातील सर्वांत प्रभावी गायिकांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

मारिया यांचे आई-वडील १९२३ साली ग्रीसमधून अमेरिकेत स्थायिक झाले. कालोगेरोपुलोस हे त्यांचे मूळ आडनाव. पतीशी न पटल्याने आई १९३७ साली मुलींना घेऊन अथेन्सला परतली. तेथे मारिया यांनी स्पॅनिश गायिका एल्विरा दे हिदाल्गो यांच्याकडे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात अथेन्स जर्मनांच्या ताब्यात असतानाच १९४२ साली त्यांनी 'तोस्का'मधील नायिकेची भूमिका केली. १९४५ साली त्या अमेरिकेत परतल्या, परंतु तेथे त्यांचा जम बसला नाही.

इटलीतील कारकीर्द

२ ऑगस्ट १९४७ रोजी व्हेरोना येथील प्राचीन रोमन रंगमंडलात 'ला जोकोंदा' या ऑपेरात त्यांनी इटलीतील पहिली भूमिका केली. त्या प्रयोगाचे वाद्यवृंद संचालक तुलिओ सेराफिन त्यांचे मार्गदर्शक झाले. जानेवारी १९४९मध्ये व्हेनिस येथे त्या वाग्नरच्या 'दी वाल्क्यूरे'मधील भारदस्त आवाजाची भूमिका करीत होत्या. त्याच वेळी 'ई प्युरितानी'ची नायिका आजारी पडली. सेराफिन यांच्या आग्रहावरून कॅलास यांनी ती हलक्या, अलंकारप्रधान गायकीची भूमिका काही दिवसांत आत्मसात करून सादर केली. एकाच गायिकेने इतक्या भिन्न प्रकृतीच्या दोन भूमिका पेलल्याने त्यांचे नाव इटलीभर झाले. त्याच वर्षी त्यांनी उद्योजक जोव्हान्नी बात्तिस्ता मेनेगिनी यांच्याशी विवाह केला.

७ डिसेंबर १९५१ रोजी मिलान येथील ला स्काला नाट्यगृहाच्या हंगामाचा प्रारंभ त्यांच्या गायनाने झाला. पुढे त्यांनी लंडन (१९५२), शिकागो (१९५४) व न्यू यॉर्क (१९५६) येथे 'नॉर्मा' गाजवला.

गायनशैली

कॅलास यांचा आवाज रूढ अर्थाने गोड नव्हता. त्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या स्वरांचा पोत निरनिराळा होता आणि वरचे स्वर कधीकधी कर्कश होत. मात्र स्वरालंकार हे कौशल्यप्रदर्शन नसून पात्राच्या मनोवस्थेचे साधन आहे, अशा रीतीने त्या गात. त्यामुळे बेल्लिनी व दोनिझेत्ती यांच्या मागे पडलेल्या ऑपेरांचे पुनरुज्जीवन झाले. जोन सदरलँड व मोन्सेरात काबाये यांना या पुनरुज्जीवनाचा लाभ झाला.

उतरता काळ

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या आवाजाची झीज जाणवू लागली. कोवळ्या वयात केलेल्या जड भूमिका, १९५३-५४मध्ये झपाट्याने घटलेले वजन आणि आजारपण अशी कारणे सांगितली जातात. त्यांवर एकमत नाही. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांसमोर 'नॉर्मा'चा पहिला अंक गाऊन त्यांनी आवाज साथ देत नसल्याने प्रयोग सोडला. वृत्तपत्रांनी हा लहरीपणा ठरवला. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांचा करार रद्द केला.

१९५९ साली ग्रीक जहाजसम्राट अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस यांच्याशी संबंध जुळल्यावर त्या पतीपासून विभक्त झाल्या. ओनासिस यांनी मात्र १९६८ साली जॅकलिन केनेडी यांच्याशी विवाह केला. त्याआधीच, ५ जुलै १९६५ रोजी लंडनमध्ये 'तोस्का' सादर करून कॅलास यांनी ऑपेरा रंगभूमी सोडली होती. त्यावेळी त्या अवघ्या ४१ वर्षांच्या होत्या.

अखेरची वर्षे

पासोलिनी यांच्या 'मेदेआ' (१९६९) चित्रपटात त्यांनी अभिनय केला. १९७१-७२मध्ये न्यू यॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत तरुण गायकांना मार्गदर्शन केले. ११ नोव्हेंबर १९७४ रोजी जपानमधील सप्पोरो येथे त्यांची अखेरची जाहीर मैफल झाली. वयाच्या ५३व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९७९ साली त्यांच्या अस्थी एजियन समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. १९५३ सालचे 'तोस्का'चे त्यांचे ध्वनिमुद्रण आजही आदर्श मानले जाते.