आवाज जपणारा माणूस : विष्णुपंत दामले

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करावे असे आम्ही तिघा मित्रांनी ठरवले. मंडळाचे बुवा म्हणजे माझे आजोबा. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण कितीतरी अभंग चालींसह पाठ आहेत. त्या चाली त्यांच्या गुरूंकडून आलेल्या, कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. अलीकडे त्यांना दोन अभंगांनंतरच दम लागतो. घरात कुणी बोलत नव्हते, पण हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही हे सर्वांना कळत होते.

एका मित्राच्या घरी माडीवर लहानशी खोली आहे. तिला तो स्टुडिओ म्हणतो. भिंतींना वाकळा टांगलेल्या, एक बऱ्यापैकी मायक्रोफोन आणि एक जुना संगणक, एवढीच सामग्री. लग्नाच्या वरातीत वाजवणारे बँडवाले, हलगीवाले, शाहिरी पथके अशी मंडळी तिथे येऊन आपली गाणी मुद्रित करून नेतात. आम्हीही मंडळाला तिथे बसवले. भजनात बसतात तसे सगळे गोल बसले, मधोमध मायक्रोफोन ठेवला. दोन तास भजन झाले. नंतर ऐकतो तर काय, सगळीकडे टाळच टाळ! पखवाज थोडा ऐकू येत होता, पेटी त्याहून कमी, आणि आजोबांचे शब्द तर टाळांच्या खणखणाटात बुडूनच गेले होते. संगणकावर टाळांची धार कमी करावी तर शब्दांतले स, च, त हेही बोथट होत. पंधरा दिवस आम्ही झगडलो आणि शेवटी हात टेकले.

त्याच सुमारास मराठी चित्रपटाच्या इतिहासावर एक प्रकल्प लिहिण्यासाठी मी ग्रंथालयात बसत होतो. व्ही. शांताराम, बाबूराव पेंटर ही नावे मला माहीत होती. पण जुन्या बोलपटांच्या श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रणापुढे पुन्हा पुन्हा एकच नाव दिसू लागले : विष्णुपंत दामले. या आपल्याच कोल्हापुरात बसून नव्वद वर्षांपूर्वी ज्यांनी आवाज पकडला, त्यांच्याविषयी मला काहीही ठाऊक नव्हते, याची लाज वाटली.

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म 1892 सालचा. ते मूळचे चित्रकार. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवीत, त्यांच्या हाताखाली दामले तयार झाले. या बंधूंना चलच्चित्राचे वेड लागले होते. परदेशी कॅमेरा विकत घेणे परवडणारे नव्हते, तेव्हा आपणच तो बनवावा असे त्यांनी ठरवले. 1916 साली आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्धेच राहिले. ते पुढे बाबूरावांनी नेटाने पुरे केले, आणि त्या खटाटोपात त्यांच्या उजव्या हाताला होते दामले. चित्राचा हात आणि यंत्राचा हात असे दोन्ही हात ज्याला आहेत असा हा माणूस होता. याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली तिचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

या कंपनीत दामल्यांना जन्माचा जोडीदार मिळाला, तो म्हणजे कागलचे एस. फत्तेलाल. एक ब्राह्मण, एक मुसलमान, दोघेही चित्रकार. 1928 साली दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढे दामलेमामा आणि साहेबमामा या नावांनीच ही जोडी ओळखली जाऊ लागली. 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. सुरुवातीची चित्रे अर्थातच मूक होती.

तेवढ्यात 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांवर जणू वीजच कोसळली. आता चित्रासोबत आवाजही हवा. प्रभातमध्ये ती जबाबदारी दामल्यांनी उचलली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते. पडदे रंगवणारा, कॅमेरा जुळवणारा, चित्रे दिग्दर्शित करणारा हा माणूस या वयात पुन्हा विद्यार्थी झाला आणि ध्वनीचे शास्त्र शिकायला बसला. आम्ही विसाव्या वर्षी नवा विषय घ्यायला कचरतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला. हिंदी आणि मराठी अशा दोन आवृत्त्या होत्या. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. संगीतही टेंब्यांचेच, आणि ध्वनिमुद्रण दामल्यांचे. त्या वेळचे ध्वनिमुद्रण म्हणजे काय असे, हे समजून घेतले की या माणसाच्या कामाची किंमत कळते. आज नट नुसते ओठ हलवतो आणि गाणे आधीच मुद्रित झालेले असते. ही पार्श्वगायनाची सोय आपल्याकडे 1935 च्या सुमारास कलकत्त्याहून रूढ होऊ लागली. त्यापूर्वी नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून अभिनय करता करताच गायचे. साथीदार चौकटीबाहेर बसत. मायक्रोफोन प्रेक्षकाला दिसता कामा नये, आणि नटापासून दूरही जाता कामा नये. मूकपटाच्या वेळी दिग्दर्शक खुशाल ओरडून सूचना देई. आता एखादी खोकलीसुद्धा महाग पडे. पकडलेला आवाज फितीच्या कडेला प्रकाशाने उमटवला जाई, म्हणजे फीत धुऊन निघेपर्यंत तो कसा आला ते कळायचे नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे, वेगवेगळे आवाज निरनिराळे मुद्रित करून मागाहून सावकाश मिसळण्याची आजची सोय नव्हती. आवाजांचे प्रमाण मुद्रणापूर्वीच साधावे लागे. ते कसे साधायचे? माणसे कुठे बसवायची ते ठरवून! गायक जवळ, पेटी थोडी मागे, तबला आणखी बाजूला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. हा साधा नियम हेच त्या काळचे मिश्रणयंत्र, आणि ध्वनिमुद्रकाचा कान हीच त्याची कळ.

हे वाचताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या खोलीत आम्ही सगळ्यांना गोल बसवले होते आणि मग संगणकाकडून न्यायाची अपेक्षा करीत होतो!

‘अयोध्येचा राजा’पाठोपाठ त्याच वर्षी ‘अग्निकंकण’ आणि ‘माया मच्छिंद्र’ हे बोलपट कोल्हापुरातच तयार झाले. 1933 साली मात्र प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरकर म्हणून हे वाचताना आजही मनाला चुटपुट लागते. पुण्याच्या त्या जागेत 1960 साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. आज देशभरातून मुले जिथे ध्वनिमुद्रण शिकायला येतात, त्या वास्तूच्या उभारणीत एका स्वयंशिक्षित ध्वनिमुद्रकाचा हात आहे.

पुण्यात 1936 साली दामले-फत्तेलाल जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, केशवराव भोळे यांनी संगीत दिले. मुंबईच्या एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच मानला. मी हा चित्रपट आजोबांसोबत पाहिला. पागनीस गातात तेव्हा गाणे सुरू झाले असे वाटतच नाही; बोलता बोलता माणूस गुणगुणू लागावा तसे ते येते. ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षे माणसाचा आवाज नीट ऐकण्यात घालवली, त्यालाच असे चित्र काढणे सुचले असावे, असे मला वाटते.

पुढे याच जोडीने ‘गोपाळकृष्ण’ (1938) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) ही चित्रे दिली. 1942 साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. 5 जुलै 1945 रोजी दामल्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न.

शांताराम, दुर्गाबाई आणि टेंबे या तिघांच्या आठवणी त्यांच्याच लेखणीतून आपल्याला वाचायला मिळतात. दामल्यांची ओळख मात्र इतरांच्या आठवणींतूनच होते. अलीकडच्या काळात त्यांच्यावर ‘बोलपटांचा मूक नायक’ या नावाचा अनुबोधपट निघाला, ते नाव अगदी सार्थ आहे. आपल्या शहरात खरी कॉर्नरला बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचे स्मारक आहे. जाता-येता मी ते कितीदा पाहिले असेल! आता तिथून जाताना वाटते, शेजारी एक लहानसा मायक्रोफोनही हवा होता.

दिवाळीनंतर आम्ही मंडळाला पुन्हा माडीवर बोलावले. या वेळी आजोबांना मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर बसवले. पेटी त्यांच्या मागे, पखवाज डाव्या कोपऱ्यात, आणि टाळकऱ्यांना चक्क दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी. टाळकरी आधी रुसले. आम्हाला बाहेर काढता काय, असे त्यांचे म्हणणे. पण ऐकल्यावर त्यांचाही राग गेला. टाळ लांबून, देवळातून यावेत तसे येत होते, आणि आजोबांचा शब्द न् शब्द कळत होता. मध्ये मध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो. मित्र म्हणाला, तो संगणकावर पुसता येईल. मी तसाच राहू दिला.

आजोबांनी डोळे मिटून सगळे ऐकले. त्यांनी आपला आवाज असा बाहेरून कधीच ऐकला नव्हता. आता ते काय बोलतात म्हणून आम्ही कान टवकारून बसलो. आवाजाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या अभंगात आपण एक चरण मागेपुढे म्हटला आहे, तेवढे परत घ्या, असे सांगून ते पुन्हा माइकसमोर जाऊन बसले.