दाखल्यांतून शिकवणारे बिशप : संत फ्रान्सिस डी सेल्स

२४ जानेवारी हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. डॉन बॉस्को यांनी आपल्या सेलेशियन संस्थेला ज्यांचे नाव दिले, तेच हे संत.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय संस्थानात झाला. हा प्रदेश आज फ्रान्समध्ये आहे. मुलाने वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. फ्रान्सिस यांनी पॅरिस व पादुआ येथे शिक्षण घेऊन कायद्याची पदवी मिळवली. पण १५९३ साली ते धर्मगुरू झाले.

पुढच्याच वर्षी ते जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले भागात गेले. तेथील बहुतेक लोक कॅल्विनपंथी झाले होते. प्रवचनाला फारसे कोणी येईना. तेव्हा त्यांनी श्रद्धेचे मुद्दे सोप्या भाषेत लिहून काढले आणि ती पत्रके लोकांच्या दाराखालून आत सरकवली.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. त्या काळी अनेकांना वाटे, की भक्ती मठातल्या लोकांसाठी असते. संसारी माणसाला ती जमायची नाही. फ्रान्सिस यांना हे मान्य नव्हते. नात्यातील एका विवाहित स्त्रीला मार्गदर्शन करताना त्यांनी काही टिपणे लिहून दिली. त्यांतूनच १६०९ साली भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक तयार झाले.

या पुस्तकात पानोपानी दाखले आहेत. मधमाशी मध घेते, पण फुलाला इजा करीत नाही. तशी खरी भक्ती कामधंद्याला किंवा संसाराला बाधा आणत नाही. लहान मूल एका हाताने वडिलांचा हात धरते आणि दुसऱ्या हाताने कुंपणावरची फळे तोडते. तसे आपण एका हाताने कमवावे, पण दुसरा हात स्वर्गीय पित्याच्या हातून सुटू देऊ नये. उलट बाजूही ते दाखवतात : कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसून राहिला, तर ती भक्ती नव्हे.

निसर्गाविषयीचे त्यांचे काही दाखले जुन्या ग्रंथांतले आहेत आणि आजच्या विज्ञानाला ते पटणार नाहीत. पण बापाचा हात धरलेले मूल ४०० वर्षांनंतरही कोणालाही समजते. माहीत असलेल्या गोष्टीवरून माहीत नसलेल्या गोष्टीकडे नेणे, हीच त्यांची रीत होती. मार्टिन नावाच्या मूकबधिर तरुणाला तर त्यांनी खुणांच्या साहाय्याने धर्मशिक्षण देऊन प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी तयार केले.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिओन येथे त्यांचे निधन झाले. १८७७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धर्मपंडित म्हणून गौरवले आणि १९२३ साली लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरवले.

प्रभू येशूनेही पेरणारा, खमीर, हरवलेले मेंढरू यांच्या दाखल्यांतून देवराज्य समजावले. आपल्या मुलांना श्रद्धा समजावून सांगताना आपणही अवघड शब्द शोधत बसू नये. शेतात, स्वयंपाकघरात आणि रोजच्या कामात दाखले भरपूर आहेत.