शुद्ध मधाची पारख : हार्वे वायली यांचे आयुष्य काय शिकवते?

तुम्ही मध विकत घेत असाल किंवा मधपेट्या ठेवून विकत असाल, तर एक प्रश्न नेहमी समोर येतो : हा मध खरा कशावरून? दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात रसायनशास्त्रज्ञ डॉ. हार्वे वायली यांचा मोठा वाटा आहे. पण मधाच्या बाबतीत त्यांच्याकडूनच एक मोठी चूक झाली होती. ती चूक आजही समजून घेण्यासारखी आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

वायली यांचा जन्म 1844 मध्ये इंडियाना राज्यातील केंट गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. शेतीकाम करत ते शिकले आणि यादवी युद्धात काही काळ सैन्यातही होते. 1871 मध्ये वैद्यकीय पदवी मिळवूनही त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे राहिला. 1874 मध्ये ते परड्यू विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. 1878 मध्ये जर्मनीला जाऊन त्यांनी अन्नपदार्थ तपासण्याच्या पद्धती शिकून घेतल्या. साखर व पाक तपासणारे पोलॅरिमीटर हे उपकरण तिथेच त्यांच्या हातात बसले.

या उपकरणाचे तत्त्व सोपे आहे. विशिष्ट प्रकारचा प्रकाश साखरेच्या द्रावणातून गेला की तो एका बाजूला वळतो. फुलांच्या मधात फ्रुक्टोज जास्त असल्याने प्रकाश डावीकडे वळतो. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या ग्लुकोज सिरपमध्ये तो जोरात उजवीकडे वळतो. त्यामुळे मधात असे सिरप मिसळलेले असेल तर ते पकडता येई.

एका थट्टेची किंमत

त्या काळात मध काढणी यंत्र नवीन आले होते. बाटलीतला पातळ मध बाजारात येऊ लागला आणि त्यात स्वस्त ग्लुकोज सिरपची भेसळही सुरू झाली. म्हणून अनेक ग्राहक पोळ्यासकट मध घेत. माशीने स्वतः बांधलेल्या पोळ्यात भेसळ कोण करणार, असा त्यांचा विश्वास होता.

1881 मध्ये वायली यांनी पॉप्युलर सायन्स मंथली या मासिकात ग्लुकोजवर लेख लिहिला. त्यात त्यांनी लिहून टाकले की पॅराफिन मेणाचे नकली पोळे बनवून, यंत्राने त्यात ग्लुकोज भरून ते मध म्हणून विकले जाते. ही बातमी वर्तमानपत्रांनी उचलली आणि ती गावोगाव पसरली. प्रामाणिक मधपाळांच्या पोळ्याच्या मधाकडेही लोक संशयाने पाहू लागले.

मधपाळ संतापले. ओहायो राज्यातील मधपेट्यांचे प्रसिद्ध उत्पादक ए. आय. रूट यांनी असे नकली पोळे कुठे बनते ते दाखवणाऱ्याला 1,000 डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते बक्षीस कोणालाही जिंकता आले नाही. काही वर्षांनी वायली यांनी ती केवळ थट्टा होती असे मान्य केले. पण तोपर्यंत अफवा पक्की रुजली होती आणि पुढे अनेक वर्षे मधपाळांना ती खोडून काढावी लागली.

तपासणी आणि कायदा

1883 मध्ये वायली अमेरिकेच्या कृषी विभागाचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांच्या विभागाने अन्नभेसळीवर अहवालांची मालिका काढली. 1892 च्या भागात साखर, पाक यांच्याबरोबर मध व मेण यांच्या तपासण्या होत्या. 1902 पासून त्यांनी तरुण स्वयंसेवकांवर टिकाऊ रसायनांचे प्रयोग केले. देशभर त्याची चर्चा झाली आणि शुद्ध अन्नाच्या कायद्याला जनमत मिळाले. 30 जून 1906 रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली. आता लेबलवर एक आणि बाटलीत दुसरे, हा गुन्हा ठरला. 1912 मध्ये वायली यांनी सरकारी नोकरी सोडली. 30 जून 1930 रोजी, कायद्याला बरोबर 24 वर्षे झाली त्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी धडा

पहिला धडा : ऐकीव गोष्टीवरून कोणाचा मध नकली ठरवू नका. पाण्यात थेंब टाकणे, वात पेटवणे, कागदावर ठेवणे या घरगुती चाचण्या भरवशाच्या नाहीत. घट्ट सिरप त्या सहज पार करते, तर जास्त ओलाव्याचा खरा मध नापास होतो. मध गोठला म्हणजे साखर मिसळली, असेही नाही. मोहरीचा शुद्ध मध लवकर गोठतो.

दुसरा धडा : एका चाचणीवर विसंबू नका. उसाच्या साखरेपासून केलेला इन्व्हर्ट सिरपही प्रकाश डावीकडे वळवतो, त्यामुळे तो वायलींच्या उपकरणातून सुटे. आज ऊस व मक्याची साखर कार्बन समस्थानिकांच्या चाचणीने सापडते. तांदूळ किंवा बीटच्या सिरपसाठी वेगळ्या चाचण्या लागतात. भारतीय मानकांनुसार मधात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

तिसरा धडा : मधाइतकाच मधपाळ पारखा. घेण्यापूर्वी हे विचारा :

- पेट्या कुठे आहेत? पाहायला येऊ का?
- मध कोणत्या फुलोऱ्याचा, कोणत्या महिन्यातला?
- फ्रेममधील बहुतेक घरे माशांनी मेणाने बंद केल्यावरच मध काढला का?
- पोळे पिळून काढला की यंत्राने?
- बाटलीवर काढणीची तारीख, बॅच क्रमांक आणि अन्न परवाना क्रमांक आहे का?

तुम्ही स्वतः मधपाळ असाल तर ही माहिती ग्राहकाने विचारण्याआधीच द्या. प्रत्येक काढणीची नोंद वहीत ठेवा, बॅचचा नमुना बाजूला ठेवा आणि शक्य असेल तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. वायलींच्या एका वाक्याने हजारो मधपाळांचे नुकसान झाले, तेव्हा त्यांना रूट यांच्यासारखे उघड आव्हान द्यावे लागले. उद्या तुमच्या मधावर कोणी संशय घेतला, तर उत्तर द्यायला तुमची वही आणि उघडी पेटी तयार असली पाहिजे.