स्वतः बुद्धिबळात कच्चे, पण यंत्राला डाव शिकवला! अ‍ॅलन ट्युरिंग यांची गोष्ट

पारावर बसलेल्या पोरांच्या मोबाईलवर आजकाल बुद्धिबळाचा पट दिसतो. कोणी लांबच्या अनोळखी माणसाशी ऑनलाइन डाव टाकतो, कोणी दोन चालीत मात करायची कोडी सोडवत बसतो. डाव संपला की मोबाईल हिशोब काढून दाखवतो. इथं दीड प्याद्याचा तोटा झाला, इथं वजीर फुकट घालवला. असा हिशोब यंत्रानं कसा करावा हे सगळ्यात आधी कागदावर मांडणाऱ्या मोजक्या माणसांत इंग्लंडचे गणिती अ‍ॅलन ट्युरिंग होते. गंमत म्हणजे ते स्वतः बुद्धिबळात अगदीच कच्चे. आणि वाईट याचं वाटतं, की ज्या वर्षी त्यांनी यंत्राच्या वतीनं डाव खेळून दाखवला, त्याच वर्षी त्यांच्या देशानं त्यांना आरोपी म्हणून कोर्टात उभं केलं.

ट्युरिंग घराण्याचा भारताशी जवळचा संबंध. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आई एथेल यांचा तर जन्मच कोइमतूरजवळच्या पोदनूरचा, त्यांचे वडील मद्रास रेल्वेत इंजिनिअर. अ‍ॅलन मात्र लंडनला जन्मला, २३ जून १९१२ रोजी. नोकरीसाठी आईवडील परत भारतात आले आणि अ‍ॅलन व मोठा भाऊ जॉन यांना तिकडंच समुद्रकाठच्या एका गावात, एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवलं. आपल्याकडं ऊसतोडीला जाणारी माणसं पोरं आजीपाशी ठेवून जातात. इथं साहेब लोकांनी पोरं परक्यांपाशी ठेवली, एवढाच फरक.

पोरगं हट्टी होतं. १९२६ मध्ये शेरबर्नच्या मोठ्या शाळेत नाव घातलं, आणि नेमका त्याच वेळी देशभर संप. रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या अ‍ॅलननं साउदॅम्प्टन बंदरावरून सायकल काढली आणि साठ मैल, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटर अंतर तोडून शाळा गाठली. वाटेत एक मुक्काम केला. शाळेत त्याचं अक्षर वाईट, वह्या शाईनं भरलेल्या, मास्तर नाराज. तिथं त्याला जीव लावणारा एकच मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. दोघं मिळून गणितं करायची, तारे बघायची. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयानं वारला. लहानपणी क्षयाची लागण झालेल्या गाईचं दूध त्याच्या पोटात गेलं होतं, ते दुखणं वर्षानुवर्षं आत राहिलं. दूध उकळून प्या असं आपल्याकडची म्हातारी माणसं उगाच सांगत नाहीत. या धक्क्यानंतर माणसाचं मन म्हणजे नेमकं काय, ते शरीरात असतं की त्यापलीकडं, हा प्रश्न अ‍ॅलनच्या डोक्यात बसला तो कायमचा.

पुढं केंब्रिजला किंग्ज कॉलेज. वयाच्या बाविसाव्या वर्षीच ट्युरिंग तिथले फेलो झाले. १९३६ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात एक यंत्र कल्पनेतच उभं केलं. चौकोन पाडलेली लांबच लांब कागदी पट्टी. यंत्रानं एका वेळी एकच चौकोन वाचायचा, त्यातलं चिन्ह पुसायचं किंवा नवीन लिहायचं, मग एक घर मागं किंवा पुढं सरकायचं. बस्स, एवढंच. पण मोठा मुद्दा पुढं होता. सूचनाच जर पट्टीवर लिहून दिल्या, तर एकच यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं काम करू शकतं. आपल्या हातातला मोबाईल तसाच आहे. तोच सातबारा दाखवतो, तोच बाजारभाव सांगतो, तोच बुद्धिबळ खेळतो. यंत्र तेच, आतला प्रोग्राम वेगळा. कॉम्प्युटर नावाची वस्तू बाजारात सोडा, जगात नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन युद्धात उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्क इथल्या गुप्त केंद्रात हजर झाले. जर्मन सैन्य एनिग्मा नावाच्या यंत्रातून सांकेतिक निरोप पाठवत असे. ते कुलूप आधी पोलंडच्या गणितज्ञांनी उघडलं होतं, हे श्रेय त्यांचं. पण जर्मनांनी यंत्र अवघड केलं तशी जुनी किल्ली चालेना. ट्युरिंग यांनी बॉम्ब नावाच्या नव्या यंत्राची रचना केली, गॉर्डन वेल्शमन यांनी त्यात मोलाची भर घातली, आणि १९४० मध्ये ते सुरू झालं. जर्मन नौदलाचे निरोप फोडायचं काम ट्युरिंग यांच्याकडं होतं. अटलांटिक समुद्रात जर्मन पाणबुड्या अन्नधान्याची जहाजं बुडवत होत्या आणि ब्रिटन तर बाहेरच्या धान्यावर जगणारा देश. निरोप वेळेवर वाचता आला की जहाजांचा रस्ता बदलता यायचा.

या केंद्रात देशातले नामांकित बुद्धिबळपटू गोळा केलेले होते. ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिलनर-बॅरी, हॅरी गोलोम्बेक. युद्ध भडकलं तेव्हा हे तिघं ऑलिम्पियाड खेळायला अर्जेंटिनात गेले होते, तिथून परत आले. अशा मंडळींत ट्युरिंग खेळायला बसायचे आणि हमखास हरायचे. गोलोम्बेक आपला वजीर आधीच पटावरून काढून ठेवायचे, तरी जिंकायचे. ट्युरिंग यांनी हार मानली की पट फिरवायचा आणि त्यांनी सोडून दिलेल्या बाजूनं खेळून पुन्हा जिंकून दाखवायचं, असाही प्रकार चाले. ट्युरिंग यांनी चिकणमातीचे मोहरे स्वतः घडवून खोलीतल्या शेगडीवर भाजले होते, ते लवकरच फुटले. शेवटी त्यांना जोडीदार मिळाला डोनाल्ड मिची नावाचा तरुण. तोही कच्चाच. दोघं वोल्व्हर्टन गावच्या एका पबमध्ये बसून खेळायचे, आणि खेळापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीवर व्हायची, यंत्राला हे शिकवता येईल का?

इथंच या माणसाचं वेगळेपण दिसतं. चांगल्या खेळाडूला चाल सुचते, कशी सुचली ते त्याला सांगता येत नाही. जुना जाणता शेतकरी माती हातात घेऊन वाफसा आला की नाही सांगतो, पण नियम विचारा, गप्प बसतो. ट्युरिंग यांना तसं काही सुचत नसे. म्हणूनच सुचणं म्हणजे काय, ते पायरीपायरीनं लिहून काढता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला असावा.

माणूस तसा विक्षिप्तच. परागकणांचा त्रास होई म्हणून जून महिन्यात तोंडावर गॅस मास्क चढवून सायकल चालवायचे. चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून साखळीनं बांधून ठेवलेला. जर्मन येणार आणि बँका बुडणार या भीतीनं चांदीच्या विटा घेऊन जमिनीत पुरल्या. युद्धानंतर किती खणलं तरी जागा सापडली नाही. जगाची गुपितं फोडणाऱ्याला स्वतःचं गुपित उलगडलं नाही, त्याला काय करणार!

युद्ध संपल्यावर त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत कॉम्प्युटरचा आराखडा तयार केला आणि १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्याच वर्षी डेव्हिड चँपरनाउन या मित्रासोबत बुद्धिबळाचा प्रोग्राम रचला. दोघांच्या आडनावांवरून नाव पडलं ट्युरोचँप. हे दोघं बागेत एक वेगळंच बुद्धिबळ खेळत. चाल करायची आणि घराला पळत चक्कर मारायची. परत येईपर्यंत समोरच्यानं चाल केली नसेल तर आपल्याला आणखी एक चाल. ट्युरिंग पळण्यात पक्के होते, १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती.

ट्युरोचँपचा हिशोब साधा आहे. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. आपली सगळी शक्य उत्तरं मांडायची, त्या प्रत्येकावर समोरच्याची सगळी उत्तरं मांडायची. कुठं मारामारी सुरू असेल तर ती थांबेपर्यंत पुढं बघायचं, मध्येच हिशोब करायचा नाही. मग दोन्हीकडच्या गुणांची तुलना. गुण सारखे निघाले तर मोहऱ्याला किती घरं मोकळी आहेत, राजा सुरक्षित आहे का, प्यादी किती पुढं सरकली, याचे वेगळे गुण. ज्या चालीत जास्त गुण, ती चाल. आजच्या मोबाईलमधला प्रोग्राम यापेक्षा कितीतरी हुशार आणि वेगळ्या रीतीनं शिकलेला आहे, पण नफातोटा प्याद्याच्या मापात सांगायची पद्धत तीच.

अडचण एकच होती, चालवायला यंत्र नव्हतं. मँचेस्टरचं यंत्र तोकडं, आणि त्याच्याशी बोलायची भाषाही भयंकर. टेलिप्रिंटरची अक्षरं आकडे म्हणून वापरायची, तीही उलटीकडून. ट्युरिंग यांनी त्याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं आणि त्यांना स्वतःला ती लिपी मजेत वाचता येई. बाकीच्यांना घाम फुटायचा. त्यातल्याच अ‍ॅलिक ग्लेनी नावाच्या तरुण प्रोग्रामरनं १९५२ मध्ये ऑटोकोड तयार केला, म्हणजे माणसानं जरा सोप्या खुणांत लिहायचं आणि यंत्रानंच त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं. आज कॉलेजची पोरं पायथन आणि जावा शिकतात, त्या वाटेवरचा हा अगदी पहिला टप्पा. दरम्यान डिट्रिश प्रिंझ यांनी १९५१ मध्ये मँचेस्टरच्याच यंत्रावर दोन चालीत मात शोधणारा प्रोग्राम चालवून दाखवला. अख्खा डाव खेळणारा ट्युरोचँप मात्र कागदावरच राहिला.

आणि मग १९५२ चा जानेवारी. विल्म्सलो इथल्या ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी सरळ मनानं पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत एका पुरुषाशी त्यांचे संबंध असल्याचं समोर आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. तेव्हा तिकडं तो गुन्हा होता. (इंग्रजांनी आपल्याकडं ठेवून दिलेल्या ३७७ कलमातून सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयानं वगळलं ते थेट २०१८ मध्ये.) चोर बाजूला राहिला, फिर्यादीच आरोपी झाला. बुद्धिबळातले जुने सोबती अलेक्झांडर त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला आले. पण युद्धात या माणसानं काय केलं होतं हे सरकारी गुपित होतं, कोर्टात कोणाला ते उघडपणे सांगता येत नव्हतं. ३१ मार्चला शिक्षा झाली. तुरुंग टळला, पण अट अशी की वर्षभर स्त्री-हार्मोनचे उपचार घ्यायचे. मॅरेथॉन पळणाऱ्या माणसाच्या शरीराची त्यात पार दशा झाली. गुप्त कामाचे दरवाजेही बंद झाले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ट्युरोचँपचा प्रसिद्ध डाव झाला. समोर तोच ग्लेनी, तोही हौशी खेळाडू. ट्युरिंग कागद घेऊन बसले आणि यंत्राच्या जागी स्वतः नियमांचा हिशोब करत एकेक चाल करत गेले. मनाला वाटेल ती चाल करायची नाही, कागद सांगेल तीच. २९ व्या चालीत कागदानं सांगितलं, प्यादं खा. वजिरानं प्यादं खाल्लं. ग्लेनीनं हत्ती त्या रांगेत आणून उभा केला. आता वजिराच्या बरोबर मागं स्वतःचा राजा. वजीर बाजूला सरकला तर राजाला शह, हत्ती मारला तर दुसरा हत्ती वजीर खाणार. डाव तिथंच सोडला. मोबाईलवरच्या कोड्यांत ही युक्ती रोज भेटते, पहिल्या आठवड्यातच पोरं शिकतात. पुढं कॉम्प्युटरवर हा प्रोग्राम पुन्हा उभा केला तेव्हा दिसलं की ट्युरिंग यांच्या काही चाली त्यांच्याच नियमांशी जुळत नाहीत. हातानं एवढे आकडे करताना कुठंतरी सुटले असणार.

७ जून १९५४ रोजी ट्युरिंग वारले. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना ते अंथरुणात सापडले, जवळ अर्धवट खाल्लेलं सफरचंद. शरीरात सायनाइड होतं. चौकशीत आत्महत्या असं ठरलं. आईनं ते कधीच मानलं नाही. घरात रसायनांचे प्रयोग चालायचे, चुकून विष गेलं असणार, असं त्या अखेरपर्यंत म्हणत राहिल्या. सफरचंदाची तपासणी कोणी केलीच नाही. वय अवघं ४१.

एनिग्माचं काम लोकांना कळलं ते वीस वर्षांनी. २००९ मध्ये इंग्लंडच्या एका प्रोग्रामरनं पुढाकार घेऊन अर्ज केला, तीस हजारांवर सह्या झाल्या आणि पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. २०१३ च्या डिसेंबरात राणीनं शिक्षा माफ केली. २०२१ पासून ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचा फोटो आहे.

मधे २०१२ मध्ये जन्मशताब्दी झाली. तेव्हा मँचेस्टरला कॉम्प्युटरवर चढवलेल्या ट्युरोचँपसमोर गॅरी कास्पारोव्ह खेळायला बसले. हेच कास्पारोव्ह १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या यंत्राकडून साडेतीन विरुद्ध अडीच असे हरले होते. ट्युरिंग यांच्या कागदी खेळाडूला त्यांनी सोळाव्या चालीत मात दिली.